करंगळीतली कडी

१८ नोव्हेंबर १९५८
आलो एकदाचा! मसुऱ्यापुढचं हे गाव पाहताक्षणी आवडलं. शाळेत विज्ञान शिकवायचं आणि काशीबाईंच्या पडवीलगतच्या खोलीत राहायचं. बाईंचा नवरा खाडीत बुडाला, प्रेतही मिळालं नाही. जेवण त्याच घालतात. सोलकढी अशी, की कोल्हापूरचा रस्सा विसरलो. माशांसाठी काचेची पेटी एस.टी.त मांडीवर धरून आणली. आता एखादा न्यारा मासा हवा.

२० नोव्हेंबर
देवळामागच्या तळीत मागूर मिळाला! लांब मिशा, अंगावर खवले नाहीत, वर येऊन हवा पितो. बुजतही नाही, हात बुडवताच जवळ आला. पंच्यात गुंडाळून आणला. शेपटीच्या पराला तांब्याची कडी होती. कुणाचा तरी चावटपणा. काढली आणि हरवू नये म्हणून करंगळीत घातली.

२१ नोव्हेंबर
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही, तर इथे त्याच्या नावाने मागराला कडी घालून तळीत सोडतात. बायको रोज दुपारी त्याला भात भरवते. आज काशीबाई भरली वाटी घेऊन परतल्या. मला वाढता वाढता विचारत होत्या, "आज खंय गेले? माझा काय चुकला, मास्तर?" मागूर भिंतीपलीकडे, माझ्या पेटीत. मी करंगळी मुठीत दडवून जेवलो.

२३ नोव्हेंबर
सांगावं म्हणतो, पण धीर होत नाही. मास्तर चोर निघाला म्हणतील. नवरा रुसला म्हणून बाईंनी अन्न सोडलंय. मला मात्र वाढतात. शरम वाटते, तरी जेवतो. कडी निघत नाही. साबण लावला, तेल लावलं.

२४ नोव्हेंबर
तळीत सोडायला म्हणून पेटी उचलली, तर मासा मेलेला. केळीखाली पुरला. वर्गात श्वास पुरेना. मुलांदेखत घागरीत तोंड बुडवलं, तेव्हा बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर
ओठांच्या कडेला काहीतरी फुटतंय — दाढी नव्हे, मऊ आहे, हलतं. आरसा पालथा घातला. बाईंच्या पाया पडून सांगणार होतो, पण आवाजच —

२६ नोव्हेंबर
दुपार. तळीच्या पायरीवर, पाय पाण्यात. इथेच जरा श्वास —
काशीबाई वाटी घेऊन येताहेत. आता सांगतो, सगळं —
पाहिलं मला. हसताहेत. नवऱ्याला हाक मारतात तशी —
"अवो, इलास?"
भाताचा वास. लाज वाटते, लाज — पण तोंड आपोआप उघ