त्याची आई आली नाही

सोमवार, ९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
आईचे अनेक आशीर्वाद. प्रभूच्या कृपेनं मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो काय, कित्येक वर्षं कुरकुरतोच आहे. तुझ्या ताईकडे सगळे खुशाल असतील.

लग्नानंतरचा तुझा या घरातला पहिला रविवार आठवतो का? जेवणं झाली, भांडी झाली, आणि टेबलाच्या त्या टोकाला तू पुस्तक उघडून बसलीस. या टोकाला मी माझं उघडलं. दोघी वाचत राहिलो. मग आमचे चिरंजीव आत आले आणि दोघींकडे पाहून म्हणाले, "मला वाटलं मी बायको आणलीय. ही तर आईची शाखा निघाली." तू हसलीस, पण मान वर न करता पान उलटलंस. त्या घडीला तू मला आवडलीस. कधी बोलले नाही. सुनेला असं सांगू नये, असा आमच्या वेळचा समज.

इकडची खबर म्हणजे, वेदीची नवी कापडं शिवून झाली. कडेला बारीक टीप घातली आहे, तुला आवडेल. फादरांचा खोकला हटत नाही, तरी गाणं सोडत नाहीत. चर्चमधल्या बायका अजून जोडी-जोडीनं येतात आणि पायपुसण्यावर उभ्या राहून हळू बोलतात. मी हल्ली बेल वाजली तरी उठत नाही.

तू घाईत गेलीस. तुझी तीन पुस्तकं पलंगाखाली राहिली. केर काढताना सापडली. तिन्ही जोडीदार गमावलेल्यांच्या आठवणींची. आधी रागानं वाचायला घेतली, खरं सांगते. पानांचे कोपरे दुमडलेस ते पाहून आणखी चिडले. कॉन्व्हेंटात आमचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या सिस्टरनं तुला सगळ्या वर्गासमोर उभं केलं असतं.

पहिलं त्या पियानो दुरुस्त करणाऱ्याचं. माणूस श्रद्धाळू, चर्चला जाणारा, म्हणजे माझ्याच पंगतीतला. पण मला तो पटला नाही. बायको जाते आणि दोन प्रकरणांत देवाची योजना याच्या ध्यानात येते. इतक्या लवकर? बायबलातली मार्था तर प्रभूची लाडकी. तरी तिनं त्याला वाटेतच गाठून सुनावलं, की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिच्या विश्वासाला काही धक्का लागला नाही. या गृहस्थाला रागवायची भीती वाटत असावी.

दुसरं त्या वकीलबाईचं. तिला देवच नाही. ती नवऱ्याच्या कपाटाशी भांडते, साबणाच्या वडीशी भांडते. वाटलं होतं, चार पानांत मिटून ठेवीन. पण शेवटपर्यंत वाचलं आणि तिच्यासाठी एक प्रार्थनाही म्हटली. एवढी ताणून भांडणारी बाई समोर कोणी नसताना भांडत नसणार.

तिसऱ्यावर नंतर येते.

त्या दिवशी स्वयंपाकघरात जे झालं ते दोघींना पाठ आहे, तरी एकदा मांडते. चिरंजीवांचं जहाज बुडालं, नऊ जण वाचले, आणि कंपनीनं त्याचं नाव "सापडले नाहीत" असं कळवलं. तेव्हापासून रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सामध्ये, नावं वाचतात त्यात त्याचं नाव मी पहिल्या भागात लावलं, प्रवासात आणि संकटात असलेल्यांच्या. तू म्हणत होतीस की आता दुसऱ्या भागात घ्या, देवाघरी गेलेल्यांच्या. तू भांडत नव्हतीस. एवढंच म्हणालीस, "आई, मला त्याच्यासाठी रडायचंय. तुम्ही रडू देत नाही."

आणि मी म्हणाले, "तुला मोकळं व्हायची घाई झालीय."

तू पिशवी भरून गेलीस. दार आपटलं नाहीस. आपटलं असतंस तर धरून ठेवायला मला काहीतरी मिळालं असतं.

वर सवयीनं 'सौ.' लिहून गेले. खोडणार होते, पण हात थांबला. असू दे.

आता तिसरं पुस्तक. जमीन मोजणाऱ्याची बायको. तिचा नवरा डोंगरात गेला तो परतलाच नाही, सापडलाही नाही. वर्षानं ती अंत्यविधी करते. शवपेटी उचलणाऱ्यांना हलकी लागू नये म्हणून तिच्यात त्याची बागेतली कुदळ ठेवते. या पानाचे तू दोन्ही कोपरे दुमडलेस. तिथंच मधे एक ओळ आहे, "त्याची आई आली नाही." बस्स. पुढच्या ओळीत पाऊस थांबतो आणि लोक छत्र्या मिटतात.

मी शेवटपर्यंत त्या म्हातारीला शोधलं. ती पुन्हा कुठंच नाही. लिहिणारीवर इतकी चिडले, की एकटीच मोठ्यानं बोलले, "अगं बये, का आली नाही ते विचारायचंस तरी! दारावर थाप मारायचीस." पुस्तक उशीखाली ढकललं. मग राग उतरल्यावर मनात आलं, कोण जाणे, मारलीही असेल थाप. म्हातारीच आत बसून राहिली असेल, बेल ऐकत.

या बायका पुस्तकं लिहितात त्यांत सासूला एकच ओळ मिळते, हेही कळलं. तू लिहिलंस तर माझी ओळ कुठली असेल, ते मला ठाऊक आहे.

जे लिहायचं टाळत एवढी पानं भरली, ते आता लिहिते.

मागच्या मंगळवारी जहाजावरचा स्वयंपाकी आला होता. वाचलेल्या नवांपैकी एक. त्याच्याकडे या घराचाच पत्ता होता, म्हणून तो तुझ्याकडे न येता इथं आला. मी दार उघडलं, कारण त्यानं बेल न वाजवता बोटांनी टकटक केली. खुर्चीच्या काठावर बसला. अंगात पातळ शर्ट, हुडहुडी भरलेली. चहा निवून गेला तरी कप उचलला नाही.

त्यानं सांगितलं ते असं. सगळे वर होड्या सोडत होते. पाणी उपसणारे पंप थांबले की पाणी चढून दिवे जाणार आणि अंधारात होड्या सुटणार नाहीत, म्हणून आपला तो, जहाजाचा मिस्त्री, पुन्हा खाली इंजिनात उतरला. हा शिडीच्या तोंडाशी उभा होता. दिवे शेवटची होडी सुटेपर्यंत चालू होते. शिडीवरून वर मात्र कोणी आलं नाही.

मी विचारलं, "काही बोलला का तो?"

तो खाली मान घालून म्हणाला, "टॉर्च मागितला, बाई. 'टॉर्च दे' म्हणाले. मी दिला."

तुझ्या तिन्ही पुस्तकांत माणसं जाताना किती सुंदर बोलतात. आपला माणूस टॉर्च मागून गेला. मला ते पुरतं. तो तसाच होता.

बघ, 'होता' लिहिलं.

स्वयंपाकी गेल्यावर मी सगळी कापडं इस्त्री केली, इस्त्री केलेलीसुद्धा. आणि काल रविवारी त्याचं नाव पुन्हा प्रवाशांतच वाचू दिलं. ठाऊक असून. वेदीसमोर, फादरांच्या तोंडून. उजव्या हाताला ती मूर्ती आहे ना, मरीया मुलाला मांडीवर घेऊन बसलेली, तिच्याकडे पाहून माझ्या मनात हेवा आला, की हिला निदान मांडीवर तरी मिळाला. लाज वाटली. मग वाटलं, तिला समजेल. मिस्सानंतर फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही, बाकावर शेजारी बसून राहिले.

तुला सांगायचं मात्र होईना. फोन दोनदा हातात घेतला. तू उचलशील याची भीती, नाही उचलणार याचीही. तू जायला निघालीस तेव्हा घाई तुला नव्हती, भीती मला होती. ते बोलणं मी मागे घेते.

येत्या रविवारी त्याचं नाव दुसऱ्या भागात वाचतील. मीच सांगितलं आहे. तू ये किंवा येऊ नकोस, मी असणार, पुढच्या बाकावर. आलीस तर शेजारी बस आणि हवं तेवढं रड. माझं काय होईल ते मला माहीत नाही.

त्याच्या सामानाचं ठरवलं आहे, तुला पसंत असेल तर. हत्यारांची पेटी त्याच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मित्राला दे, निम्मी हत्यारं तशीही त्याच्याकडेच आहेत. स्वेटर चर्चच्या गरिबांसाठीच्या गाठोड्यात जातील, तपकिरी आधी मी रफू करीन. खोलून ठेवलेला रेडिओ ताईच्या यजमानांना. त्यांना जुळवता आला तर ठीक, नाही तर टाकून द्या. गरम कोट स्वयंपाक्याला द्यायचा. माझ्या हातून तो घेणार नाही, तू दे, आणि तुला विचारायचं असेल ते त्याला विचार. या घराची दुसरी किल्ली तुझी, पुढं कोणाशीही संसार मांडलास तरी.

त्याच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा मी माझ्या हातानं शिवला होता. तो कोणाला द्यायचा नाही. माझी वेळ आली की माझ्या पेटीत, हाताखाली ठेवायचा. हे काम तुझ्यावर सोपवते आहे.

तुमची दोघांची,
आई