हौदात भिजवलेली फळी

आबा, तुमी मला दुसरीतून काढलं, म्हणून जोडाक्षरं तेवढी सांभाळून घ्या. रागानं सांगत न्हाई, आता कसला राग, माझी नात घरं बांधायलीय! तिनं बांधलेल्या घरात बसून लिहायलेय मी हे. अन् भिंत लाकडाची हाय. दार-चौकट न्हाई, अख्खी भिंत. तीही डिंकानं जोडलेली. ऐकून तुमी तिथंच उठून बसला असाल.

पातळ फळ्यांचा एक थर उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, असे पाच थर डिंक लावून कारखान्यात दाबतात. नात म्हणते, उभं लाकूड फुगायला लागलं की आडवं त्याला धरून ठेवतंय. मला पटकन कळलं. बाजेची सुतळी मी काय कमी विणली का? तुमच्या हाताखाली खेळताना मीबी तेच केलं होतं की. आठवतंय का? तुमच्या कामातल्या उरलेल्या पट्ट्या उभ्या-आडव्या ठेवून, तुमचाच सरस गरम करून मी आईला पोळपाट केला. आई चुलीपुढं भाकरी थापायलीय, मी बाजूला फुशारकीनं बसलेय. जेवणं झाल्यावर तिनं तो धुतला अन् त्याचे तुकडे झाले. मी रडायले, अन् तुमी दारातून गरजलात, "जोडलेलं लाकूड माझ्या घरात आणायचं न्हाई! आणलंच तर आठ दिवस हौदात बुडवायचं, मग मला दाखवायचं." चार दिवसांनी बाभळीच्या एकाच ठोकळ्यातला पोळपाट आईपुढं ठेवून तुमी निघून गेलात. तो अजून हाय. गोल न्हाई नीट, पण हाय.

तुमी इतके का भडकलात हे आईनं मला लग्नानंतर सांगितलं. त्याच साली मोठ्या घरच्या दाराची तुमी जोडलेली फळी पावसात उकलली होती, अन् त्यांनी ते दार तुमच्याच डोक्यावर देऊन भर गावातून परत पाठवलं. मग आठवलं, तुमी दार घेऊन आलात तेव्हा मी उंबऱ्यातच होते. तुमचं तोंड बघून मला वाटलं, दार जड हाय.

तर नातीचं. शिकून आल्यावर तिचं हे पहिलंच काम, अन् ते माझ्यासाठी, शेतातल्या दोन खोल्या. गंगाखेडकडून ट्रक आला, भिंतीएवढ्या पाट्या उतरल्या, सगळं गाव बघायला. शेजारीण म्हणाली, "मावशे, पेटीत घालून कुठं पाठवायलेत तुला?" मी लय हसले. माझं पोरगं, तिचा बाप, मात्र बिथरलं. लेकीला म्हणालं, "काळ्या रानात, वाळवीच्या गावात लाकडाचं घर? सगळं परत धाड." मग माझ्याकडं वळलं, "आई, सुताराची लेक तू, राहणारबी तूच. तू हो म्हणलीस तर उभं करू, न्हाई तर ट्रक बोलावतो."

मी त्याच पाटीचा एक तुकडा उचलला अन् म्हशीच्या हौदात दगडाखाली दाबला.

"आजी, मी घर तळ्यात बांधायलेय का? पाणी लागूच नये म्हणून जोतं उंच घेतलंय, छप्पर दोन हात बाहेर काढलंय. वाळवीचं औषध मारलंय."

"असू दे. माझ्या बापाची रीत हाय."

पोरगी इचारायची न्हाई, पण पाय धुवायच्या निमित्तानं दहादा हौदापाशी यायची. पायाला चिखल तरी असावा ना! एका सकाळी ती वाकून पाण्यात बघायली होती अन् मागं मी उभी. तिनं वळून बघितलं, अन् आबा, ते तोंड मी आधी बघितलेलं होतं, उंबऱ्यातून. मी पाण्यात हात घातला. कडा जरा फुगल्या होत्या, थर एकबी सुटला नव्हता. म्हणलं, "चांगलं हाय. बांध."

पोरगं लांबून ओरडलं, "आठ दिवस झाले का?"

"झाले. मला मोजता येत न्हाई व्हय?"

हायड्रा क्रेन लावून दोन दिवसांत भिंती उभ्या राहिल्या. पहिला पावसाळा गेला, आत थेंब न्हाई. दार आवाज न करता लागतंय. पाठ टेकली तर भिंत गार लागत न्हाई. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आणते, म्हणते, हात लावून बघा. अन् नात सगळ्यांना कौतुकानं सांगते, "आमच्या आजीनं आठ दिवस भिजवून पारखलंय." मी आपली मान डोलावते.

पाचच झाले होते, आबा. राहिलेले तीन दिवस मला तिच्याकडं बघवलं नसतं. तुमाला हे पोचायचं न्हाई, ठाऊक हाय. तरी लिहिलं, अन् ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी दडवून ठेवायलेय, पोरीला वाचता येतंय ना.