ढोल आधी, कॅसिओ नंतर

रविवार, ७ सप्टेंबर

मत नंतर. आधी काल मिरवणुकीत झालं ते, झालं त्या क्रमाने.

१. सप्तसूर धुमाळ, करडी गावची वाजवणारी पार्टी. गाडी चौकात थांबली. गाडीवर स्पीकरचे बॉक्स आणि योगेंद्रचा कॅसिओ कीबोर्ड. खाली रस्त्यावर ढोल-ताशे, मधोमध तेजराम आणि त्यांचा मोठा ढोल.

२. मंडळाच्या पोरांनी जुनी सुरुवात मागितली. म्हणजे योगेंद्र एकटा वाजवतो, वरच्या पट्टीत, अगदी बारीक. सगळे गप्प होतात आणि मग ढोल पडतो.

३. योगेंद्रने मान हलवली. नाही.

४. पोरं गाडीसमोर बसली, गुलाल उधळायला लागली, हटेनात. तेजरामांनी हात वर केला — वाजव.

५. योगेंद्रने वाजवली. ढोल पडायच्या जागी पडला नाही. एक आवर्तन रिकामं गेलं. मग पडला, तोही मध्येच.

६. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच.

७. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "बुढा झोपला बे!"

८. तेजरामांनी ढोल उतरवला आणि गाडीमागे जाऊन उभे राहिले. पुढची सगळी गाणी त्यांच्याशिवाय झाली.

नववं लिहायचं टाळत होते. ९. ती सुरुवात मागायचं पोरांच्या डोक्यात आलं ते माझ्या मेसेजवरून.

आमच्या धुमाळवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालू होता: धुमाळवाले गाण्यांची लाइन (कोणतं गाणं कधी) ठरवतात कशी? गोलूचं म्हणणं, गर्दी पाहून. (गोलूचं मोबाइलचं दुकान आहे. सगळे व्हिडिओ त्याचेच.) माझ्या क्लिनिकमधल्या खुशबूचं म्हणणं, रस्ता पाहून. गल्ली अरुंद असली की संथ गाणं, म्हणजे गाडीला वळायला वेळ मिळतो. चौक आला की उडतं. दवाखान्यासमोर नुसता ताशा, तोही हळू. मला खुशबूचं पटत होतं, पण पटणं म्हणजे पुरावा नाही. म्हणून मी यंदाचे सगळे व्हिडिओ ओळीने ऐकले आणि लिहिलं: "यंदा एकही गाणं कॅसिओने सुरू झालेलं नाही. सगळी ढोलाने. योगेंद्रची सुरुवात बंद आहे."

एवढंच. विशेषण एकही नाही.

त्याखाली गोलूने लिहिलं, "बुढ्याले आता सगळीकडे आपणच पायजे!" — आणि दोन्ही मिळून गावोगाव फिरलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

ग्रुपवर सकाळपासून तेच. तेजरामांनी मुद्दाम उशीर केला. तेजराम योगेंद्रवर जळतात. तेजरामांनी आता घरी बसावं.

कानांच्या आमच्या क्लिनिकमध्ये दुपारी पेशंट नव्हते. खुशबू काउंटर सोडून माझ्या खोलीत आली. तपासणीच्या खोलीत दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून तिला इथे भांडायला आवडतं.

"डिलीट कर ना तो मेसेज."

"चुकीचं काय लिहिलं मी?"

"चुकीचं असतं त लोकाइनं मानलंच नसतं. बरोबर लिहिलं म्हणूनच त लागलं ना!"

 

मंगळवार, ९ सप्टेंबर

एकोडीच्या शारदा मंडळाने सप्तसूरला कळवलं आहे — ग्रुपवर गोलूने टाकलं, वर हसण्याची तीन तोंडं — की नवरात्रात जुनी सुरुवात पाहिजे, "अन् बुढ्याले नका आणू." तेजरामांनी उभी केलेली पार्टी. त्यांनाच आणू नका.

बुधवार, १० सप्टेंबर

आज व्हिडिओ पुन्हा लावले, आवाज बंद करून.

माझ्या खोलीत पेशंट कानांवर हेडफोन लावतो, हातात बटण धरतो, आवाज आला की दाबतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यातले कित्येक आवाजाची वाट पाहत नाहीत, माझ्या हाताची पाहतात. माझं बोट हललं की दाबतात. लबाडी नसते ती. सवय झालेली असते. म्हणून मी मशीन आडवं लावलं आहे, माझे हात त्यांना दिसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत तेजराम सुरुवातीच्या वेळी खाली बघतात. डोळे मिटलेले. हसतात. मागच्या वर्षीच्या शेवटच्या काही कार्यक्रमांत मान वर. आणि शनिवारी — पूर्ण वेळ योगेंद्रच्या उजव्या खांद्यावर नजर. पापणीसुद्धा लवत नाही.

ते योगेंद्रचं ऐकत नाहीत. योगेंद्रला बघतात.

ढोल त्यांना छातीत, पोटात लागतो. तो चुकणार नाही. पण वरच्या पट्टीतलं बारीक आधी जातं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं तेच आधी जातं, मी रोज बघते. तपासल्याशिवाय हे निदान नाही. आणि निदान करायचं काम डॉक्टरांचं, माझं नाही. पण मला ते दिसलं आहे. ते न दिसल्यासारखं करता येणार नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

योगेंद्र भेटला. भंडाऱ्यात अॅम्प्लिफायर दुरुस्तीला टाकायला आला होता. दुकानदार गोलूच्या ओळखीचा, त्यामुळे कळलं. मी सरळ जाऊन नाव सांगितलं.

"तुम्हीच का त्या मेसेजवाल्या?" नंतर, "बरं केलं जी. आमचा धंदाच बसवला."

मी म्हटलं, तेजरामांना तुमचा कॅसिओ ऐकू येत नाही. त्याने हातातली वायर गुंडाळली. गुंडाळलेली सोडून परत गुंडाळली.

मग सांगितलं. तेजराम त्याचे सख्खे मामा. कॅसिओ त्यांनीच हातात दिला. मागच्या नवरात्रात त्याच्या लक्षात आलं. "मामाले नाही बोललो. लाइनच बदलवून टाकली. म्हटलं, मामा, लोकाइले आता ढोलच पायजे, तुम्हीच उठवत जा गाणं. मामा खूश!"

"आणि लोक त्यांना शिव्या देत होते तेव्हा?"

"तेव्हा मी गप. काय सांगू? मामाले ऐकू नाही येत, म्हणून सांगू? धुमाळात बहिरा म्हटलं की संपला माणूस. उद्याच दुसरा ढोलवाला उभा करतेत."

मी म्हटलं, तपासणी करून घ्या. पितृपक्ष आहे, कार्यक्रम नाहीत, कानांना आराम मिळाला आहे. तपासायला हीच वेळ बरोबर. नवरात्र लागलं की रोज वाजवणार, मग मशीनवर नेमकं येणार नाही.

"मामाले माहीतच नाही ना पण. तुम्ही सांगू नका."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आणखी एक चूक. ग्रुपवर लिहिलं: "लाइन योगेंद्र ठरवतो, तेजराम नाही." म्हटलं, निदान शिव्या तरी थांबतील.

गोलू: "म्हणजे योगेंद्र डरला मामाले!!"

कारण न देता अर्धं खरं सांगितलं की लोक उरलेलं स्वतः भरतात. आता काही लिहिणार नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

करडीला गेले. खुशबूच्या स्कूटीवर, खुशबूसकट. बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, धान निसवायला आलेलं आहे, रस्ताभर तोच वास. तेजराम अंगणात ढोलाच्या दोऱ्या ओढत बसले होते. शेजारी चंद्रभागाबाई, त्यांची बायको, चवळीच्या शेंगा मोडत होत्या.

मी ठरवून गेले होते की आडून बोलायचं नाही. त्यांच्या समोर बसले, तोंड दिसेल असं, आणि म्हटलं, "काका, योगेंद्रची सुरुवात तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांच्याआधी चंद्रभागाबाईच बोलल्या. "मी सांगून सांगून थकली ना बाई! चहा म्हटलं त चटई आणते. टीव्ही एवढा मोठा लावते का शेजारीण आपला लावतच नाही, आमचाच ऐकते!"

तेजराम हसले. दोरी सोडली नाही. "ऐकू नाही येत. पण दिसते ना! त्याचा खांदा उठला का मी पाडतो, गाण्याच्या मधात बी. वर्ष झालं, कोणाले पत्ता नाही."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी पोट्ट्याइनं गुलाल केवढा उधळला! खांदाच दिसे ना बाप्पा."

म्हणजे एवढंच. जळणं नाही, झोप नाही. गुलाल.

मी विचारलं, लाइन बदलली ती काहून, माहीत आहे का? (माझ्याही तोंडात काहून आलं. खुशबूने माझ्याकडे पाहिलं.)

"पोट्टा म्हणते लोकाइले ढोल पायजे." मग मान हलवली. "मले समजत नाही का? त्याची सुरुवात ऐकाले लोक दुसऱ्या तालुक्यातून येत. ती सोडली त्यानं माझ्यापायी. मी बी नाही बोललो. बोललो असतो त तो म्हणला असता, मामा तुम्ही बसा आता."

मी तपासणीचं सांगितलं. शिवाय एक उपाय — कॅसिओच्या स्टँडवर लाल दिवा, योगेंद्रच्या पायाखाली बटण. गुलालातूनही दिसेल. वायरिंग मी करून देईन.

"दिवा? मी काय रेल्वे हाय?"

खुशबू हसली, चंद्रभागाबाई हसल्या, मग तेही. पण नाही म्हणाले नाहीत. निघताना म्हणाले, "मंगळवारी येतो दवाखान्यात. पोट्ट्याले नका सांगजा."

दोघांनी मला एकमेकांपासून एकच गोष्ट लपवायला सांगितली आहे. मी कोणालाच शब्द दिलेला नाही. नोंद असावी.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आले. तेजराम, एकटे, बसने. इस्त्रीचा सदरा. हेडफोन लावताना टोपी कुठे ठेवू विचारलं आणि मग ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. बटण दाबायला हात मोकळा नाही! टोपी मी माझ्या टेबलावर ठेवली.

खालचे आवाज व्यवस्थित, माझ्यापेक्षा लवकर दाबलं त्यांनी. मग मी वरच्या पट्टीत जायला लागले. ते दाबत होते, दाबत होते, आणि एका जागी थांबले. मी आवाज वाढवत नेला. ते माझे हात शोधत होते. हात दिसत नव्हते. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी चेहरा हलू दिला नाही. याचं मला प्रशिक्षण आहे. आज ते बरं वाटलं नाही.

दोन्ही कान, सारखेच. डॉक्टरांनी सांगितलं: गेलेलं परत येणार नाही. यंत्र लागेल. वाजवताना कानांत बोळे, एकही दिवस चुकवायचा नाही. ढोल सोडायची गरज नाही.

शेवटचं वाक्य तेजरामांनी परत विचारलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून की आलं होतं म्हणून, ते मी लिहू शकत नाही.

बाहेर आल्यावर कागदावरची रेघ मी समजावून सांगितली: इथपर्यंत सपाट, इथून उतार. त्यांनी उतारावरून बोट फिरवलं. "एवढं गेलं, अन् दुखलं बी नाही."

"दुखत नाही, काका. म्हणून तर कळत नाही."

"एकोडीले जुनी सुरुवात होईल. तुमच्या त्या गोलूले सांगून द्या. अन् बुढा येईल." पायरीवर थांबले. "दिवा लाल नका लावजा. हिरवा लावा."

संध्याकाळी ग्रुपवर एकच ओळ टाकली: एकोडी, जुनी सुरुवात, ढोल तेजराम. बाकी काही नाही. खुशबूने त्याखाली हिरवं वर्तुळ टाकलं. कोणाला कळलं नाही.

दिव्याचं सामान काढलं. स्विच, वायर, बॅटरीचा डबा. बाबांनी विचारलं काय चाललंय. म्हटलं, धुमाळाचं काम.

बुधवार, १७ सप्टेंबर

सकाळी चंद्रभागाबाईंचा फोन. तेजराम शेजारी उभे राहून सांगत होते, त्या मला सांगत होत्या. "हे म्हणते, माझं त पाहून झालं. मशीन दुखत नाही, ते पाहाले आलो होतो. आता पोट्ट्याले बोलवा. बॉक्स त्याच्या पाठीमागंच असते ना! उजवीकडून हाक मारली त वळत नाही तो. दरसाल बॉक्स वाढवून राहिला, म्हणते आवाज कमी हाय. अन् हे म्हणते — ती सुरुवात त्यानं माझ्यापायी सोडली का त्याच्या सोताच्या कानापायी, ते त्यालेच इचारा."

योगेंद्रला मेसेज केला. जसाच्या तसा:

"योगेंद्र, शनिवारी २० तारखेला सकाळी दहा वाजता क्लिनिकला या. तपासणी तुमच्या मामांची नाही, ती झाली. तुमची. शुक्रवारी काहीही वाजवू नका. येणार की नाही, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. — रेणू"