अकराशे पिवळी पत्रकं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा निवृत्त बालरोगतज्ज्ञ, राहणार याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला, आज राजीखुशीने, कोणी धाक घातला वा भरीस पाडलं म्हणून नव्हे, पूर्ण शुद्धीत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मन शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणाऱ्याने माझं ब्लडप्रेशर तीनदा घेतलं, कारण मी एका जागी बसेना. "सर, मन शाबूत आहे असं लिहितो. स्थिर आहे असं मात्र लिहिता येणार नाही," तो म्हणाला. नको लिहूस म्हटलं. स्थिर असतं तर हे मृत्युपत्र आठ वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं.

यापूर्वी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा पाचव्या कलमाशी येऊन उठलो. ते कागद फाडले आहेत. एखादा कुठे सापडलाच तर तो रद्द समजावा.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझी मुलगी (यापुढे 'मोठी') आणि मुलगा (यापुढे 'धाकटा') यांना निम्मं निम्मं. धाकटा परगावी असतो आणि फोनवर "बाबा, घर विकून टाका" एवढंच बोलतो. विकायचं असेल तर मोठीला विचारून. न्हाणीघराचा नळ गळतो, तो दोघांनी मिळून दुरुस्त करावा. माझ्याच्याने झाला नाही. त्यांच्या आईची शिवणाची मशीन मोठीला. त्यावर वाद नको.

कलम २. माझा दवाखाना, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, आणि मुलं रडू नयेत म्हणून ठेवलेला लाकडी घोडा, हे सगळं मी 'प्रश्नपत्रिका' हिला देतो. ही माझ्याहून तीस वर्षांनी लहान डॉक्टर. प्रत्येक सभेत उठून प्रश्न विचारायची म्हणून आम्ही जुन्या मंडळींनी तिला हे नाव ठेवलं. ठेवणाऱ्यांत मी पहिला. वकीलसाहेब म्हणाले, सख्ख्याला सोडून परक्याला देताय, तर कारण लिहा. लिहितो.

दहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमच्या डॉक्टरांच्या मासिक सभेत ती एक शोधनिबंध घेऊन आली. सहाशेच्या वर बाळं, बहुतेकांच्या अंगावर इसब, म्हणजे पुढे ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त. निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, अर्थात बारीक वाटून, पातळ करून. निम्म्यांना पाच वर्षं मुळीच दिला नाही. ज्यांना दिला नाही त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी पटींनी जास्त निघाली. म्हणजे ज्या भीतीने आम्ही देऊ नका म्हणत होतो, ती आमच्या देऊ नका म्हणण्यानेच वाढत होती. ती बाई उभी राहून हे सांगत होती, आवाज थोडा कापत होता. मी मागून म्हणालो, "आता काय, प्रिस्क्रिप्शनवर चटणी लिहून द्यायची?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. ती खाली बसली. म्हणून दवाखाना तिला.

कलम ३. त्या सभेचे अध्यक्ष अजून हयात आहेत आणि अजून कुठल्या ना कुठल्या सभेचे अध्यक्ष आहेत. त्यांना मी काहीही देत नाही. ते तेव्हा म्हणाले होते, "संघटनेचं लेखी पत्र येऊ दे, मग बघू." पत्र यायला जे लागायचं ते लागलं. वरातीमागून घोडं कसं येतं ते बघायचं असेल त्याने आमच्या धंद्यात यावं.

पण सगळं खापर अध्यक्षांच्या माथी फोडून मी सुटणार नाही. आम्ही सावध का असतो तेही लिहितो, नाहीतर माझी नातवंडं म्हणतील, म्हातारा नुसता चिडका होता. औषध दिलं आणि मूल दगावलं, तर लोक दवाखान्याच्या काचा फोडतात. द्यायचं ते दिलं नाही आणि पाच वर्षांनी बिघडलं, तर कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. शिवाय खाण्यापिण्याचं संशोधन म्हणजे आज अंडं वाईट, उद्या अंडं चांगलं. एवढं थोबाडीत बसल्यावर माणूस म्हणणारच, जरा थांबू. आणि नवीन औषध निघालं की त्याच्या मागोमाग कंपनीचा एक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस बॅग घेऊन येतो, माहिती देतो, पेन देतो, कॅलेंडर देतो. शेंगदाण्याच्या मागोमाग कोण येणार? ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती वर्षानुवर्षं स्वतःला सांगून पाहिली. खरी आहेत, पण माझ्या उपयोगाची नाहीत.

उठलो होतो. पाणी प्यालो. परत बसलो.

कलम ४. माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं काम केलेला कंपाउंडर. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे. मला त्याची साक्ष हवी आहे, म्हणून इथे त्याला काहीच देत नाही. जे द्यायचं ते गेल्या महिन्यात त्याच्या हातात दिलं. तो घेत नव्हता. "डॉक्टर, एवढं कशाला," असं चारदा म्हणाला आणि घरी जाताना जिन्यातच नाक शिंकरत बसला.

त्याची साक्ष अशी. माझ्या दवाखान्यात एक पिवळं पत्रक असायचं: 'पहिली तीन वर्षं: काय देऊ नये'. त्यात दुसऱ्या क्रमांकावर शेंगदाणा. पाच हजारांखाली छापखानेवाला मशीनला हात लावायला तयार नव्हता, म्हणून पाच हजार छापली होती. प्रश्नपत्रिकेला हसून मी घरी आलो, तिने सांगितलेला निबंध ज्या वैद्यकीय मासिकात होता त्याचा अंक माझ्याकडेही यायचा, तो उघडला आणि वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, पेन्सिलीने खुणा केल्या. त्यात खोट काढता येईना. त्या आठवड्यात कंपाउंडरने विचारलं, "डॉक्टर, पत्रकं अकराशे राहिलीत. परत तशीच छापायची, का काही बदल?"

मी म्हणालो, "आहेत ती संपू देत. मग बघू."

ती संपायला सव्वा वर्ष लागलं. मी प्रत्येक आईच्या हातात माझ्या हाताने दिली. अहो, नुसती एक ओळ खोडायची होती. पेन खिशाला होतं.

कलम ५. इथेच मी दरवेळी उठतो.

बँकेतल्या माझ्या सर्व ठेवी माझा नातू, मोठीचा मुलगा, घरात त्याला 'भुंगा' म्हणतात, त्याला देतो. त्याच्या औषधासाठी आणि शिक्षणासाठी. भुंगा आता दहाव्या वर्षात आहे. त्याला शेंगदाणा चालत नाही. म्हणजे पोटात दुखतं असं नव्हे, श्वास बंद होतो. दीड वर्षाचा असताना शेजारच्यांनी कौतुकाने अर्धं बिस्किट दिलं. चेहरा सुजून डोळे मिटले, ओठ निळे पडले. मोठी त्याला उचलून अनवाणी पळाली. वाचला. तेव्हापासून इंजेक्शन जवळ असतं, आता दप्तरात. शाळेत तो वेगळ्या बाकावर डबा खातो. तो वाचायला शिकला तो बिस्किटाच्या पुड्यामागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून.

आता लिहितो. पत्रकं वाटली जात होती त्याच वर्षी भुंगा झाला. सहा महिन्यांचा असताना दोन्ही गालांवर इसब होता, निबंधात होता अगदी तसाच. मोठी त्याला कडेवर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, "बाबा, पेपरात आलंय, बाळाला शेंगदाणा लवकर सुरू करावा म्हणे. देऊ का थोडा वाटून?"

मी म्हणालो, "डॉक्टरकी आता पेपरवाल्यांकडून शिकायची का? तीन वर्षं नाव काढू नकोस."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असंही नव्हतं. मी विचार केला होता. विचार हा केला, की पंचवीस वर्षं ज्या आयांना छातीठोकपणे नको म्हणालो त्या माझ्या मुलीकडे बघून काय म्हणतील. आणि प्रश्नपत्रिकेला कळलं तर ती काय म्हणेल. एवढाच विचार. लाज वाटते, पण एवढाच.

दिला असता तर ॲलर्जी झालीच नसती असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. ज्यांना दिला त्यांच्यातही काहींना झाली. पण त्या आडोशाला उभं राहायचा हक्क मला नाही. मोठीला हे माहीत नाही. उलट, मी कधी भुंग्याकडे बघत गप्प झालो की तीच म्हणते, "बाबा, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं हो." आणि मी मान हलवतो. आठ वर्षं मान हलवतो आहे.

कलम ६. वकीलसाहेबांच्या मते हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून माझ्या मृत्यूनंतर उघडावं. अमान्य. मेल्यावर सांगणं सोपं, समोर बसून ऐकून घ्यायला नको. तसं केलं तर ते पुन्हा माझं तेच, 'मग बघू'. आज रविवार, मोठी दुपारी येणार आहे. तिला पाचवं कलम मी स्वतः वाचून दाखवीन. त्यानंतर तिला माझं तोंड बघायचं नसेल, तर वरील वाटणीत त्यामुळे काही फरक पडणार नाही.

सही: लिहिणार, मुलांचा डॉक्टर
साक्षीदार १: कंपाउंडर (कलम ४ मधली हकीकत खरी आहे.)
साक्षीदार २: तळमजल्यावरचे घड्याळजी (मी फक्त सही होताना पाहिली.)
ठिकाण: राहतं घर, जेवायचं टेबल. दिनांक: १६ मार्च २०२५, सकाळ.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारनंतर.

चौथं आणि पाचवं, दोन्ही कलमं वाचून दाखवली. मोठीने मध्ये एकदाच थांबवलं. "म्हणजे मी विचारलं तेव्हा तो अंक तुमच्याकडे होता?"

"होता."

"वाचलेला?"

"दोनदा."

ती उठून गॅलरीत गेली, पाठमोरी उभी राहिली. मी मागोमाग गेलो आणि सुरू झालो, की त्या काळात मोठमोठे डॉक्टरसुद्धा...

"बाबा, जरा गप्प बसा," ती म्हणाली. असं ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती.

खाली अंगणात भुंगा सायकल चालवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. वळून न बघताच तिने विचारलं, "त्यानंतर किती पत्रकं गेली म्हणालात?"

"अकराशे."

"आणि कलम माझ्या एकटीसाठी लिहिलंत?"

मी हो म्हणालो.

"अकराशे घरं, बाबा. त्या बायका आजही आपल्या बहिणींना, सुनांना सांगत असतील. तीन वर्षं देऊ नका, डॉक्टरांनी छापून दिलंय."

मी तिची माफी मागायला बसलो होतो. इतरांचा हिशोब मी धरलाच नव्हता.

म्हणून कलम ७. माझ्या दवाखान्याच्या त्या सव्वा वर्षाच्या नोंदवह्यांतून प्रत्येक घरी पत्र जाईल: मी दिलेलं पिवळं पत्रक चूक होतं, आणि चूक असल्याचं मला माहीत होतं. पुढच्या बाळाच्या वेळी, आणि बाळाला इसब असेल तर आधीच, तुमच्या सध्याच्या डॉक्टरांना विचारा. पत्रं पुरी होण्याआधी मी गेलो तर उरलेली प्रश्नपत्रिकेने लिहावीत. तिला फोन केला. तिने कधी नव्हे तो एकही प्रश्न विचारला नाही, "येते" म्हणाली.

कंपाउंडरने वह्या आणून टेबलावर ठेवल्या आहेत. मोठी नावं वाचते, मी लिहितो. आतापर्यंत नऊ झाली. माफ केलंस का, हे विचारायला मघाशी मी पेन खाली ठेवलं.

ती म्हणाली, "पुढचं नाव घ्या."

सही: लिहिणार
साक्षीदार: कंपाउंडर, घड्याळजी
ठिकाण व दिनांक: वरीलप्रमाणे.