भाववाचक नामांची परीक्षा

फुलचूर,
१२ मार्च १९५५

प्रिय प्रेमिला,

तुझे पत्र पोचले. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम कसा झाला, असे तू उत्सुकतेने विचारले आहेस. गोवर्धन तुझे बंधू, आणि स्थळही तूच सुचवलेले. त्यामुळे तुझ्या घरच्यांनी जे गोड वर्णन केले असेल, त्याहून निराळे लिहिताना संकोच होतो. तरी लिहिते. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही, आणि मी आजारी नाही.

तुमच्या शालीकराम मामांनी पोह्यांचे तेल लागलेल्या बोटांनी माझे मनगट धरले, तळहात उलटसुलट पाहिला, वेणी सोडायला लावली आणि मग दारापर्यंत चालवले. आमच्याकडे बैल घेतानाही याहून अदबीने पाहतात. पण हे सर्वच मुलींच्या वाट्याला येते, म्हणून मी गिळले.

मग गोवर्धन म्हणाले, थोडे इंग्रजी विचारतो. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. भाववाचक नामे माझी किती आवडती, हे तू जाणतेस. सुलोचनाबाईंच्या वर्गात ‘ब्रेव्ह’चे ‘ब्रेव्हनेस’ करून तू बोलणी खाल्लीस, तेव्हा मीच तुला समजावले होते की विशेषण माणसाला चिकटलेले असते. त्याचे नाम झाले की गुण माणसापासून सुटतो आणि कोणाच्याच मालकीचा राहत नाही. त्यामुळेच ती नामे मला फार स्वच्छ वाटत.

त्यांनी ‘शाय’ विचारले. मी ‘शायनेस’ म्हटले. “म्हणजे का?” मामांनी विचारले. “लाजाळूपणा, मामाजी.” मामा मान डोलावून म्हणाले, “हाय, पोरीजवळ हाय.” मग ‘ओबीडियंट’चे ‘ओबीडियन्स’ झाले. “आज्ञाधारकपणा.” “हे बी हाय. पुढं?” ‘पेशंट’चे ‘पेशन्स’, म्हणजे सहनशीलता. “घ्या टिकारामजी, पोरगी सोताच सांगून राहिली. आता का पाहाचं राहिलं?” मामा बाबांना म्हणाले. बाबा हसले, दाराआडून आईही हसली. मी व्याकरणाची उत्तरे देत होते आणि ओसरीवर ती माझी कबुली म्हणून जमा होत होती. शेवटी ‘सायलेंट’ आले. उत्तर येत असून मी दिले नाही. मामा सर्वांत मोठ्याने हसले. “हे तं तिनं करूनच दाखवलं.” आणि त्या न बोलण्यालाच होकार समजून साक्षगंध ठरले.

मामांना इंग्रजी येत नाही. त्यांची किळस मनगट घासून धुतल्यावर गेली. गोवर्धन मात्र तिरोड्याला तेच शिकवतात. शब्दाचे नाम सांगितले म्हणजे तो गुण आपल्या अंगी असल्याचे सांगितले असे नव्हे, हे एका वाक्यात त्यांना म्हणता आले असते. ते नुसते हसले, आणि पुढचा शब्द मामांना आवडेल असा निवडून काढला. त्या निवडीची मला शिसारी आली आहे. आज व्याकरणाचे पुस्तक उघडले तर भाववाचक नामांचे पान वाचवेना.

तुला कधीच कळवले नाही, पण दिवाळीत तुमच्याकडे आले असताना ते अंगणात कंदिलाची काच पुसत तुझ्या धाकट्या बहिणीला धडा समजावताना दिसले होते. तेव्हापासून मनाने मी होकार देऊन बसले होते. परक्या माणसाची मला इतकी घृणा वाटली नसती.

गुरुवारी साक्षगंधाचे लुगडे घेऊन तुमची मंडळी निघतील. त्यांना निघू देऊ नकोस. मला हे लग्न करायचे नाही. बाबांना सकाळी स्पष्ट सांगितले, त्यांनी आईला हाक मारून म्हटले, “पाहा, पोरगी लाजून राहिली.” माझा नकार या घरात कोणाला ऐकूच येत नाही, म्हणून तो तुला लिहून पाठवते आहे. हे पत्र गोवर्धन यांच्या हाती दे, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस.

अजून तरी तुझीच,
रुख्मा