तिसरा घोट

नागपूर
रविवार, दुपार

प्रिय टिंकू,

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू दोनदा ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि समोरच्या गिऱ्हाइकाची गाडी चालू करून बघायला लागतोस. मग कुडव्याच्या तुझ्या दुकानातल्या त्या फटफटीपलीकडे मला काही ऐकू येत नाही. पत्रावर गाडी चालू करता येणार नाही तुला. शिवाय आज मी लिहायलाच बसलो होतो. पुरवणीच्या संपादकबाईंनी सिनेमातले न विसरता येणारे मृत्यू असे दहा प्रसंग मागितले आहेत, प्रत्येकी साठ शब्द, संध्याकाळी सहापर्यंत. पंचवीस वर्षं पेपरात काढल्यावर साठ शब्दांत कुणालाही मारता येतं. नऊ जण तासाभरात आटोपले. दहाव्यापाशी आलो आणि तू आठवलास, आमच्या अंगणात तणसाच्या ढिगावर आडवा, तोंडातून पाणी गाळत पडलेला.

नऊ लिहिताना लक्षात आलं, यांतला एकही मृत्यू आपल्या केशोरीत कुणी पाहिलेला नाही. तू आणि मी सोडून. बाबांनी पाहूच दिला नाही. ते गोंदियाहून कॅसेटी भाड्याने आणायचे, टीव्ही आणि व्हीसीआर बैलगाडीत गादीवर ठेवून न्यायचे, लग्नात, बारशात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत. पहिल्याच वर्षी एका लग्नात हिरो मेला, मांडवातल्या बाया रडल्या आणि नवरीची आत्या बाबांवर चिडली की शुभकार्यात मरण दाखवलं. त्या दिवसापासून बाबांचा नेम झाला. हिरोला गोळी लागली की ते बटण दाबून व्हिडिओ थांबवायचे, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करायचे आणि उभे राहून पुढचं सांगायचे. डॉक्टर येतो, गोळी काढतो, माणूस बरा होतो, लग्न होतं, चला घरी. एवढ्या शांतपणे सांगायचे की कुणाला शंकाच यायची नाही. मला वाटतं, पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी ते आत्याबाईच्या धाकाने केलं असेल. नंतर त्यांना ते आवडायला लागलं.

खरा शेवट आपल्या वाट्याला यायचा. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करण्याआधी ती उलटी फिरवून द्यावी लागे, आणि ते काम बाबांनी आपल्याला दिलं होतं. आपण आधी ती उरलेली वीस मिनिटं बघून घ्यायचो आणि मग चित्र चालू ठेवून कॅसेट मागे फिरवायचो. मेलेला माणूस उठून बसायचा, रक्त छातीत परत जायचं, रडणारी आई उलट्या पावलांनी दारातून बाहेर निघून जायची. त्या वयात मला मरण म्हणजे असंच काहीतरी वाटायचं, बटण दाबलं की परत फिरणारं. आणि मग अंगणात आपला खेळ. मी नेहमी छाती धरून धाडकन पडायचो, तू मला हसायचास. तुझं म्हणणं होतं, मरायला वेळ लागला पाहिजे, माणसाला काहीतरी सांगायचं असतं. आई सुपात तांदूळ पाखडत बसलेली असायची. तिला आपण पंच केलं होतं आणि तिचा निकाल ठरलेला असायचा, की मेला असशील तं तिकडं मर, इथं धान वाळू घातलं आहे.

तुझा सगळ्यात गाजलेला मृत्यू डाकवाल्याचा. तो सिनेमा फारसा चालला नव्हता, आज कुणाला आठवतही नसेल. जखमी डाकवाला झाडाला टेकून बसतो, मित्र ओंजळीतून पाणी पाजतो. दोन घोट तो पितो, तिसरा ओठांवरून वाहून जातो. मग म्हणतो, घरी सांग, माझा राग नाही. आणि हात सुटतो. तुला मित्र म्हणून मी हवा असायचो आणि पाणी खरं हवं असायचं. तिसरा घोट तू इतका हळू गाळायचास की एकदा आई सूप खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिली होती. मग तिने तुला उठवून गूळ दिला. मला दिला नाही, ते मी अजून विसरलेलो नाही.

बाबांच्या सिनेमात मात्र डाकवाला बरा झाला होता. नंदाबाईचं तर तुला माहीतच आहे. तिचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, आणि मांडवात बसून पाहिलेला तो डाकवाला तिच्या मनात जाऊन बसला. पुढच्या मंडईत तिने बाबांना विचारलं, त्याचं लग्न झालं म्हणालात, मग पोरंबाळं? बाबांनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, मुलगा झाला. त्यानंतर दर मंडईला ती विचारायची आणि बाबा सांगायचे. पोरगा तिसरीत आहे. पोरगा दहावीत नापास झाला. पोराला डाकखात्यातच लावलं. व्हीसीआर बंद पडला, घरोघरी टीव्ही आले, मोबाइल आले, तरी हे चालूच होतं. बाहेरून आलेला एखादा जावई म्हणायचा की तो तर मेला होता, आणि सगळं गाव त्याला वेड्यात काढायचं. अख्ख्या गावाने बिनतोड खात्रीने चुकीचं सांगावं, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आणि हे मी लिहिलं. आपल्यात तो विषय कधी निघाला नाही, पण आज काढतो. ‘जिथे हिरो मरत नाही’ असा मथळा मीच दिला होता. मला ते प्रेमाने लिहिल्यासारखं वाटत होतं. लोकांचे फोन आले, कुणी म्हणालं डोळ्यांत पाणी आलं, मी खूश. तो पेपर केशोरीत पोचला. नंदाबाईच्या नातीने तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. पंचाहत्तरीची बाई, काठी टेकत आमच्या ओट्यावर आली आणि बाबांसमोर उभी राहिली. आईने सांगितलं मला. तिने एवढंच विचारलं, ‘मेला का तं तो?’ बाबांना आयुष्यात पहिल्यांदा पुढचं सांगता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. ओरडले नाहीत. ‘तीस वर्षं जगवला होता मी त्याले,’ म्हणाले, ‘तू एका दिवसात मारलास.’

त्यानंतर सोळा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी फोन केला की ते धानाच्या बांधीत गेलेले असायचे. आई सांगायची आणि मागे त्यांचा खोकला ऐकू यायचा. मी घरी गेलो की ताटावर शेजारी बसायचे, मला भात वाढायला आईला खूण करायचे, पण शब्द नाही. मी माफी मागितली नाही असं नाही. पण पेपरातला माणूस माफीही खुलासा दिल्यासारखी मागतो. मला वाटायचं, वेळ आहे.

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, गोंदियाला दवाखान्यात चार दिवस झाले, काकाजींचं आज बरं दिसत नाही, निघ. मी मिळेल त्या गाडीत चढलो. भंडारा रोडला फोन केला, तुमसरला केला, तिरोड्याला केला. दर वेळी मी विचारलं, बाबा काय करून राहिले? आणि तू म्हणालास, वाट पाहून राहिले, ये तू. त्या आवाजावर मी गोंदियापर्यंत आलो. तू वॉर्डाच्या दारात उभा होतास. म्हणालास, आत्ताच गेले. मग तिथेच भिंतीला टेकून मला सगळं सांगितलंस. पाणी मागितलं, तू पाजलंस. दोन घोट घेतले, तिसरा ओठांवरून वाहून गेला. मग म्हणाले, ओमेशले सांग, माहा राग नाही. आणि हात सुटला.

वर्षभर मी त्या वाक्यावर काढलं आहे, टिंकू. तेराव्याला आईने तुला ते पुन्हा सांगायला लावलं, नंदाबाई कान देऊन बसली होती. तू खाली मान घालून सांगितलंस. आणि त्यानंतर तू केशोरीला आला नाहीस. आधी दर महिन्याला यायचास, काकीच्या हातचं खायला. आईला वाटतं तुझं काहीतरी बिनसलं. मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या महिन्यात तेंदूपत्त्याच्या बातमीसाठी सालेकशाला गेलो होतो. तोडलेली पानं गोळा होतात अशा एका फडीवर पानांचे पुडके मोजणारा म्हातारा होता, सुकराम नावाचा. कुठला म्हणून विचारलं त्याने. केशोरी म्हटल्यावर म्हणाला, ते व्हिडिओवाले उदेभानजी तिथलेच. बाबांच्या शेजारच्या खाटेवर होता तो, चारही दिवस. बाबांनी त्याला तीन सिनेमे सांगितले म्हणे, तिन्हींत हिरो वाचला. मी कोण ते मी लगेच सांगितलं नाही. ही वाईट सवय, तुला माहीत आहे. मी फक्त विचारलं, शेवटी काय बोलले? तो म्हणाला, ‘काही नाही बोलले. झोपीतच गेले. तो पोरगा खाली दवा आणाले गेला होता.’

सेहेचाळिसाव्या वर्षी तुला पोरगा म्हणणारं कुणीतरी अजून आहे, हे वाचून हसशील अशी आशा आहे. पण पुढचं ऐक. सुकरामने सांगितलं की तू दवा घेऊन आलास आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलास. नर्स चादर ओढायला आली, तर तू तिला थोडं थांबायला सांगितलंस. बाबांचे केस विंचरलेस. तेवढ्यात फोन वाजला. बोलून झाल्यावर तू त्यांच्या कानाशी वाकलास. म्हणालास, ‘काकाजी, तुमसर आला. ओमेश येऊनच राहिला.’ मग बऱ्याच वेळाने पुन्हा फोन वाजला आणि तू पुन्हा वाकलास, ‘तिरोडा आला, काकाजी. आता काही दूर नाही.’ सुकराम म्हणाला, मी तोंड भिंतीकडे फिरवून घेतलं, माणसानं मेलेल्या माणसाले गाड्यांची वर्दी दिलेली पाहवत नाही.

परतीच्या प्रवासात तिरोडा आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं नाही. तिसऱ्या घोटाबद्दल मला दवाखान्याच्या भिंतीपाशीच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. बाबांचा राग गेला होता की नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. त्यासोबत राहायची हळूहळू सवय करतो आहे, जमेल. पण नंदाबाईसाठी बाबांनी तो डाकवाला का जगवून ठेवला होता, हे मला लेख लिहिताना समजलं नव्हतं. तू दोन स्टेशनांत समजावलंस. संपादकबाईंना मी नऊच पाठवतो आहे. माझ्याकडचा दहावा छापायचा नाही.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. येत्या अकरा तारखेला बाबांना जाऊन वर्ष होतं, त्यांची बरसी आहे. काल आईचा फोन आला, टिंकू येत नाही म्हणतो, काऊन येत नाही तो? मी तिला सांगितलं, येईल. तू का येत नाहीस ते मला आता माहीत आहे. आई तुला मध्ये बसवेल, नंदाबाई काठी बाजूला ठेवून पुढे सरकेल, आणि दोघी म्हणतील, सांग बा शेवटचं. तू सांग. माझ्या तोंडाकडे बघत सांग, मान खाली घालू नकोस. दोन घोट, तिसरा वाहिलेला, ते वाक्य, सुटलेला हात, सगळं जसंच्या तसं, एक शब्द न बदलता. मी समोर बसून ऐकेन आणि मध्ये काही बोलणार नाही. नंदाबाईसमोर एकदा एका माणसाला मारून बसलो आहे, पुन्हा नाही. एक दिवस आधीच ये. गोंदियाला मी उतरलो की तुझ्याच गाडीवर मागे बसून जाऊ. निघताना फोन करेन, तुमसरलाही करेन, तिरोड्यालाही करेन. तू फक्त उचल.

तुझाच, आणि गुळाचा खडा अजून येणं असलेला,
ओमेश