कुणाची वीत खरी

मेहकर,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. कमलम्मास, मल्लम्माचा आशीर्वाद.

बाळाच्या दुपट्यासाठी विणलेले तुझे अठरा चौकोन मिळाले आन् माझं डोकंच फिरलं. ठरलं काय होतं? एक वीत लांब, एक वीत रुंद. ही काय वीत हाय? माझ्या चौकोनाला लावला की तुझा दोन बोटं कमी. माझा लाल, तुझा पांढरा असे चार जोडले, तर दुपटं मधूनच फुगून वर आलं. तुझे दाजी म्हणाले, हे बाळाला पांघरायचं का डोक्यावर घालायचं? आन् हसायलेत.

येत्या रविवारी माझ्या नातीचं, शैलश्रीच्या लेकीचं बारसं. शैलश्रीच्या सासरच्या बायका गुलबर्ग्याहून येणार, दुपटं उलटं करून गाठी बघणार. तुला कामून घाई झाली होती?

तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून शेजारच्या हावगेप्पाजवळ चिठ्ठी देतेय. त्यो रोज बिदरला कामाला जातो. चिठ्ठी वाचतो बी. हावगेप्पा, इथंच थांब.

लगेच लिही. माया हाय म्हणून बोलतेय.

मल्लम्मा

नौबाद,
ता. ३ फेब्रुवारी

ती. अक्कास कमलम्माचे शरणु शरणार्थी.

हावगेप्पानं दारातच सांगितलं, मल्लक्काचीच वीत मोठी. म्हणजे त्यानं चिठ्ठी वाचली.

अक्का, वीत माझीच खरी. अव्वा म्हणायची, कमळीचा हात माझ्यावर गेलाय. तुझा अप्पावर गेला, नांगर धरायचा. तरी भांडत न्हाई. माझे चौकोन परत पाठव. भोवती एकेक फेरा घालते, तुझ्याएवढे होतील. पांढरी लोकर उरलीय.

बारशाला मात्र मी येणार न्हाई. शैलश्रीच्या लग्नात सगळ्या घराचा फोटो काढला, तवा मी आत तुझ्याच पाहुण्यांसाठी पुरणाच्या होळग्या लाटत होते. एकानं हाक मारली न्हाई. तो फोटो तुझ्या भिंतीवर हाय. त्याच्याखाली बसून मी पाळणा म्हणू?

बाळाला माझा मुका. तुझ्या गुडघ्याला तेल लाव.

कमळी

मेहकर,
ता. ४ फेब्रुवारी

चि. कमळीस आशीर्वाद.

चौकोन पाठवणार न्हाई. एक बी न्हाई. फेरा घालायचा तर इथं येऊन घाल. पाठवले की तू घालून परत धाडशील आन् घरातच बसशील, एवढं मला कळतंय.

हाक मारायला पाहिजे होती. म्या मारली न्हाई. फोटोवाला घाई करायला होता म्हणून लिहिणार होते, पण माझी बहीण कुठं हाय हे फोटोवाल्याला काय ठाऊक? चुकलं माझं. एवढं लिहायला दोन कागद फाडले, तवा परत परत विचारू नकोस.

फोटो उतरवलाय. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय, त्यो बी तुझ्या वितीपेक्षा मोठा. नवा फोटो बारशात काढू. तू उभी राहिल्याबिगर फोटोवाल्याला मशीन काढू देणार न्हाई.

शनिवारी सकाळीच ये. सुई आण, उरलेली लोकर आण. हाताला हात लावून बघू, अव्वाचा हात कुणाला आलाय ते. तुझा निघाला तर माझे अठरा मी उसवीन.

राग तुझ्यापाशी ठेव, आम्हाला इसरू नको.

मल्लम्मा

ता. क. गुरुवारी सांजच्याला हावगेप्पा घरी येईल तवा त्याच्याजवळ उत्तर पाहिजे. फक्त बस कितीची ते लिही. येणार न्हाई असं लिहायचं असंल, तर तू सोता येऊन सांग.